खुळखुळ्या वाजेना

१

नरेंद्रच्या घरात सकाळी पोहे नाहीतर उपमा. तिसरं काही पुढे आलं की तो बशी सरकवून द्यायचा. आठवीत दोनदा आपटलेला माणूस. मेव्हण्यानं कागद केले म्हणून अमेरिकेत आला, वाळवंटातल्या टूसॉनच्या एका गोदामात तीसेक वर्षं फोर्कलिफ्ट चालवली आणि रिटायर झाला. त्याला लोक आवडत नसत, लोकांना तो आवडत नसे, त्यामुळे कुणाचंच काही अडत नव्हतं. घर त्यानं मुद्दाम गावाच्या कडेला घेतलं होतं. मागची भिंत संपली की निवडुंग, खडी आणि डोंगर.

त्याची बायको सुचित्रा फोडणी टाकायची आणि मग तिला कढीपत्ता आठवायचा. रोज. आधी तोडून ठेवावा हे लग्न झाल्यापासून तिला सुचलं नाही, आणि त्यानं ते बोलून दाखवायचं सोडलं नाही. कढीपत्त्याची कुंडी मागच्या दाराशी, एसीच्या डब्याच्या सावलीत. इथलं ऊन झाडाला उभं जाळतं, म्हणून ती तांदळाचं धुवण दोन वेळा घालून त्याला लेकरासारखी जपायची. मोहरी तडतडली की अनवाणी धावायची, न बघता कुंडीत हात घालायची, डहाळी ओरबाडायची आणि मोहरी करपायच्या आत परत.

त्या ऑगस्टातल्या सकाळी मोहरी करपली.

"अगं, जळलं!" नरेंद्र खुर्चीतूनच ओरडला. शेवटी कुरकुरत उठला, गॅस बंद केला आणि मागच्या दाराकडे गेला. सुचित्रा उंबऱ्यात उभी होती. उजवं मनगट डाव्या हातात धरलेलं, काचेची वस्तू धरावी तसं.

"अहो," ती म्हणाली, "कुंडीत काहीतरी होतं."

अंगठ्याच्या मुळाशी दोन ठिपके. कुंडीतल्या ओल्या मातीवर मातीच्याच रंगाचं वेटोळं. ते आतापर्यंत गप्प होतं. नरेंद्र पुढे झाला तशी त्याची शेपटी उभी राहिली आणि आवाज सुरू झाला. चालत्या पंख्यात कागद अडकवावा तसा. कानानं ऐकण्याआधी माणसाच्या पोटाला ऐकू येतो तो आवाज.

मग नरेंद्रनं सगळं चुकीचं केलं. दोरीवरचा पंचा ओढून तिच्या दंडाला करकचून बांधला. आणि पोह्यांसाठी चिरलेली मिरची तिच्या तोंडात कोंबली. त्याच्या गावाकडे असंच करत. पान लागलेल्या माणसाला, म्हणजे ज्याला जनावर चावलंय त्याला, आधी मिरची चघळायला द्यायची. तिखट लागली तर अजून माणूस आपला.

"लागतंय का तिखट? लागतंय का?"

सुचित्रानं त्याच्याकडे बघत सगळी मिरची सावकाश चावून गिळली.

"नाही हो," ती म्हणाली. "ओठाला मुंग्या येताहेत. तोंडात पत्रा धरल्यासारखं झालंय."

अँब्युलन्सवाल्यानं आल्या आल्या कात्रीनं पंचा कापून फेकला आणि नरेंद्रकडे असं बघितलं, की इंग्रजी येत नसतं तरी कळलं असतं. बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. अंगठ्या-बांगड्या काढायच्या, माणसाला शांत ठेवायचं, हात हलू द्यायचा नाही आणि थेट दवाखाना. हे सगळं त्याला नंतर समजलं. मिरचीचं त्यानं कुणालाच सांगितलं नाही.

२

दवाखान्यात तिचा हात खांद्यापर्यंत सुजून वांग्यासारखा झाला. औषधाच्या बाटल्यांवर बाटल्या चढत होत्या. नरेंद्र बाहेर खुर्चीत. दुपारी कधीतरी आतून एक तरुण डॉक्टर आला. डोक्यावरची टोपी काढली, नरेंद्रच्या शेजारी बसला आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात आतून कुणीतरी जोरात हाक मारली. टोपी खुर्चीवर टाकून तो पळत आत गेला.

तो काय सांगायला आला होता, हे नरेंद्रनं कधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुचित्रा उशीला टेकून बसलेली. "दाढी करा जरा," ती म्हणाली. "भिकारी दिसताय."

त्यावर तो रडला. भिंतीकडे तोंड करून, पण रडला.

ती घरी यायच्या आधी त्यानं साप नेणाऱ्या माणसाला बोलावलं. डेल नावाचा बुटका म्हातारा, गुडघ्यापर्यंत जाड बूट, हातात लांब चिमटा आणि झाकणाची बादली. कढीपत्त्याच्या कुंडीमागनं त्यानं जनावर असं उचललं, की जणू चिमट्यानं पापड. बादलीत ते खुळखुळ वाजतच होतं.

"मारून टाक," नरेंद्र म्हणाला.

डेलनं मान हलवली. एकाला मारलं की त्याची जागा दुसरा घेतो, म्हणाला. त्यापेक्षा आपण शहाणं व्हावं. हात दिसतो तिथेच घालायचा. बाहेर ठेवलेले बूट झटकून घालायचे. संध्याकाळी टॉर्च. दाराशी ओल नको, अडगळ नको. आणि वाजला तर जागच्या जागी थांबायचं, तो कुठं आहे ते बघायचं आणि मागे सरायचं. "तो शिवी देत नाही," डेल म्हणाला. "तो सांगतोय की मी इथं आहे."

"मग हिला का नाही सांगितलं?"

"कधीकधी नाही सांगत. वेळ नसतो." मग डेलनं स्वतःच्या नाकाशेजारी बोट टेकवलं. "इथे खळगा असतो त्याला. त्यातनं ऊब कळते. डोळे बांधले तरी उंदीर त्याला निखाऱ्यासारखा दिसतो. तू पण. मी पण."

फार लांब नेऊन सोडला तर तो भटकून मरतो, म्हणून इथंच पलीकडच्या ओढ्यात सोडतो, असं सांगून तो गेला.

"म्हणजे परत येणार?" नरेंद्रनं मागून विचारलं.

"येईलही," डेल म्हणाला, आणि गाडीत बसला.

३

आला. सप्टेंबरात.

तोच की त्याचा भाऊ, देव जाणे. एसीच्या डब्याखाली सिमेंटची लादी आहे, तिच्या कडेनं पाणी ठिबकतं. त्या फटीत राहायला लागला. शेपटीला काळे-पांढरे पट्टे, वर खुळखुळा. नरेंद्र त्याला खुळखुळ्या म्हणायला लागला. नाव ठेवलं की भीती कमी होते असं त्याला वाटलं. झाली नाही.

डेलला फोन करायचा म्हटलं, तर सुचित्रानं नको म्हटलं. "असू दे. आपण लक्ष ठेवून राहू." पाल दिसली की जी बाई कॉटवर चढायची, ती हे बोलली. नरेंद्रनं मनात म्हटलं, मरता मरता वाचलेल्या माणसाचं धाडस वाढत असेल. कुंडी तेवढी त्यानं पुढच्या दारी नेऊन ठेवली.

खुळखुळ्या शिस्तीचा होता. नरेंद्र मागच्या दारातून बाहेर आला की वाजायचा. मीटर बघायला माणूस आला, त्याच्यावर वाजला. भिंतीवरच्या मांजरावर वाजला. एकदा लताताई डबा घेऊन आल्या. नागपूरकडच्या, रिटायर झालेल्या डॉक्टर, सुचित्राची इथली एकुलती एक मैत्रीण. मागच्या अंगणात पाय टाकला आणि किंचाळून परत घरात.

"नरेंद्रराव! हे काय पाळलंय?"

"पाळलं नाही. तोच राहतोय."

"अहो, वेडेबिडे झालात की काय? त्याला उचलून न्यायला सांगा आधी!"

"तुमच्या मैत्रिणीला सांगा. तिचा पाहुणा आहे तो."

आवाज चालूच होता. तेवढ्यात सुचित्रा बादली घेऊन दोघांच्या मधून बाहेर गेली. लादीजवळून, अगदी जवळून, झाडांना पाणी घालायला.

आवाज बंद पडला.

कमी कमी होत नाही गेला. बंद पडला. प्लग काढल्यासारखा. सुचित्रा पाणी घालून परत आली, तिच्या साडीचा काठ लादीला घासला. खुळखुळ्याचं डोकं जमिनीला टेकलेलं. ती आत आली, दारात लताताई उभ्या होत्या तिकडे त्यानं तोंड वळवलं आणि पुन्हा सुरू झाला.

"तुझ्याशी ओळख झालीय बाई त्याची," लताताई हसल्या. "एकदा चावला, आता घरचा झाला."

सुचित्राही हसली. नरेंद्र हसला नाही; पण तो तसाही कधी हसत नसे, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

४

माणूस अडाणी असला म्हणून मूर्ख नसतो. नरेंद्रनं नीट बघायचं ठरवलं. तो स्वयंपाकघराच्या खिडकीत उभा राहायचा आणि काहीतरी निमित्त काढायचा. "अगं, दोरीवरचा टॉवेल आण." ती आणायची. शांतता. "अगं, झाडू बाहेर राहिला." शांतता. मग स्वतः दारातून नुसता पाय बाहेर काढायचा. खुळ्ळ.

"आज एवढी कामं का सांगताय?" ती म्हणाली. "हात मोडलाय का तुमचा?"

बोलणं तिचंच. टोमणा तिचाच. लग्नात त्यानं सासऱ्याच्या पायावर ताक सांडलं होतं, ते ती अजून लोकांना सांगायची, तशाच हुबेहूब शब्दांत. तिच्यावाचून ते असं दुसरं कोण सांगणार?

त्यानं डेलला फोन केला. डेल म्हणाला, साप माणूस ओळखत नाही. ऊब ओळखतो, जमिनीचा हादरा ओळखतो. तुझी बायको आता सावकाश चालत असेल. बिचकलेली असेल.

सावकाश चालायची हे खरं होतं. नरेंद्रला बरं वाटलं.

मग दिव्याचं झालं. मागच्या दारावर एक दिवा आहे, माणूस आला की आपोआप लागणारा. मुलीनं, उर्वीनं, पाठवलेला. संध्याकाळी नरेंद्र बाहेर गेला की दिवा भपकन लागे. सुचित्रा गेली की नाही. ती अंधारात दोरीवरचे कपडे काढून, घड्या घालून आत यायची, आणि दिवा झोपलेलाच.

त्यानं उर्वीच्या नवऱ्याला विचारलं. सौमित्र इंजिनियर, दोघं तिकडे वर मिनेसोटात, ईडन प्रेरीला. व्हिडिओवर त्याचं तोंड अर्धंच दिसत होतं.

"बाबा, सिंपल आहे. तो सेन्सर हीटवर चालतो. टूसॉनला आता संध्याकाळी पण हवा बॉडी टेंपरेचरची असते ना, मग त्याला माणूस आणि हवा यातला डिफरन्सच कळत नाही. उन्हाळ्यात सगळ्यांचा प्रॉब्लेम आहे यार तो."

"पण माझ्यावर लागतो."

"तुम्ही जाडे आहात बाबा." मागून उर्वीचं हसणं ऐकू आलं. "थंडी पडली की बघा, ओके होईल."

नरेंद्रला हे फार पटलं. दिव्याला कळत नाही, तर सापाला तरी कसं कळणार? दोघंही उबेवर चालतात आणि हवाच अंगाएवढी तापलेली. बस. त्या रात्री तो घोरला.

आता थंडी पडायची तेवढी वाट बघायची होती.

५

ऑक्टोबर सरता सरता थंडी पडली. मिनेसोटाच्या मानानं काहीच नाही, पण सकाळी स्वेटर लागायला लागला. एसी बंद झाला. दिवा नरेंद्रवर लागायचा, मांजरावर लागायचा, एकदा तर उडत आलेल्या प्लास्टिकच्या पिशवीवर लागला.

सुचित्रावर नाही.

सौमित्रला त्यानं पुन्हा विचारलं नाही. उत्तर मिळालं असतं. त्या मुलाकडे उत्तरं पुष्कळ.

सुचित्रा आता उन्हात बसायची. आयुष्यभर ऊन टाळलेली बाई. काळी पडते म्हणून बसस्टॉपवरसुद्धा छत्री उघडणारी. ऊन मागच्या पायरीवर आलं की पायरीवर, भिंतीशी सरकलं की भिंतीशी. डोळे मिटून, हात मांडीवर उताणे. दुपारी तिच्या हाताला हात लागला तर उन्हातल्या दगडासारखा ऊन. संध्याकाळी भांडी घासताना लागला तर नळासारखा. आणि मधल्या वेळी काहीच नाही. गारही नाही, कोमटही नाही. लाकडी टेबलावर हात ठेवला तर कसं लागतं? तसं.

रक्त कमी असेल, तो स्वतःला म्हणाला. विषानं शिरा बिघडल्या असतील. लताताईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "होतं, थायरॉइड बघून घेऊ." सुचित्रा म्हणाली, "मला काय झालंय?" आणि खरंच, काय झालं होतं? जेवत होती, हसत होती, टीव्हीवरच्या बायकांना नावं ठेवत होती. ठेचा मात्र भाकरीवर न घेता नुसता चमच्यानं खायची, डोळ्यांत टिपूस नाही. नरेंद्र तेव्हा दुसरीकडे बघायचा.

एका सकाळी ती उठून गेल्यावर त्यानं अंथरुणात तिच्या बाजूला हात सरकवला. रजईखाली, ती जिथं रात्रभर निजली होती तिथं. चादरीला अंगाचा खळगा होता.

ऊब नव्हती. कुणी निजलंच नसावं अशी गार चादर.

तो बराच वेळ तिथं हात ठेवून पडून राहिला. स्वयंपाकघरात मोहरी तडतडली.

६

उर्वीला दिवस गेलेले. आधी दोनदा राहिलं आणि गेलं. हे तिसरं टिकलं होतं, नोव्हेंबरात तारीख होती. पहिल्यापासून ठरलेलं की बाळंतपणाला आई जाणार. तिकडे बर्फ पडणार, सौमित्रला सुट्टी थोडी. सुचित्रा तीन महिने राहून बाळाला रोज तेल लावणार, न्हाऊ घालणार, शेक देणार, मांडीवर झोपवणार. तिकीट निघालं होतं.

सुचित्रानं बॅग उघडून बैठकीत पसरली. डिंक, अळीव, ओवा, वेखंड. जुन्या सुती साड्यांची दुपटी. खोबरेल तेलाची बाटली दोन पिशव्यांत बांधून.

"बाळाला पायावर घालून न्हाऊ घालायची सवय गेली हो," ती म्हणाली. "उर्वी झाली त्याला किती वर्षं झाली. पाय दुखतील का माझे?"

"मला काय विचारतेस?" नरेंद्र म्हणाला.

पण तो तिच्या हातांकडे बघत होता. ते हात बाळाच्या छातीवरून, पोटावरून, टाळूवरून फिरणार. ते बाळ रात्र रात्र त्या अंगाशी निजणार. तो स्वतःशीच भांडायला लागला. काय करणार आहे ती? स्वतःच्या नातवंडाला? आजवर तिनं मुंगी मारली नाही. तू म्हातारा झालास, डोकं फिरलंय तुझं, गोदामातला धूर मेंदूत गेलाय. एक साप आणि एक दिवा, एवढ्यावरून?

त्या दुपारी तो जरा लवंडला. उठला तर घरात आवाज नाही. स्वयंपाकघरात तेल कोमट करायला शेगडीवर ठेवलेली वाटी नव्हती, नुसता तिचा गोल डाग. त्यानं खिडकीतून बाहेर बघितलं.

सुचित्रा अंगणात उन्हात बसली होती. भिंतीला पाठ, पाय समोर लांब पसरलेले, जोडलेले. साडी गुडघ्यापर्यंत वर घेतलेली, पाटावर बसून बायका तान्ह्या बाळाला पायावर घालतात तशी. शेजारी तेलाची वाटी.

पायांवर खुळखुळ्या होता.

दोन्ही नडग्यांच्या मधल्या खोबणीत उभा पसरलेला, पोट वर नाही, पण तसाच सैल. डोकं तिच्या घोट्याशी. तिचा हात तेलात बुडत होता आणि त्याच्या पाठीवरून खाली जात होता, मानेपासून शेपटीकडे, पुन्हा मानेपासून. सावकाश. मन लावून. ओठ हलत होते. काच बंद असल्यानं ती काय म्हणत होती ते ऐकू आलं नाही.

नरेंद्रनं काच उघडली नाही.

तेलानं साप चकचकत होता. आणि तिनं, बाळाचं नाक चिमटीत धरून सरळ करतात ना, तसा दोन बोटांनी त्याच्या तोंडाचा शेंडा हलकेच दाबला.

७

फोन त्यानं बैठकीत बसून केला. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला. उर्वी सोफ्यावर, पोट मोठं, चेहरा दमलेला. मागे सौमित्र पाळणा जोडत होता.

"तुझी आई येणार नाही."

"व्हॉट? बाबा, काय बोलतोयस? तिकीट काढलंय."

"कॅन्सल कर."

"आई बरी आहे ना? तिला काय झालं?"

इथं खरं बोलायचं होतं. पण खरं म्हणजे काय? तुझ्या आईवर साप वाजत नाही? दोघंही पहिल्या विमानानं इथं आली असती. पोटातल्या बाळासकट. आईला मिठी मारली असती.

"ती ठणठणीत आहे," नरेंद्र म्हणाला. "मला इथं करून कोण घालणार? तीन महिने मी काय खाऊ? सकाळी मला पोहे कोण देणार?"

पाळणा जोडायचा आवाज थांबला.

"बाबा, सिरियसली?" सौमित्र म्हणाला.

"सिरियसली. तिकडे बायका मिळतात की कामाला. ठेवा एक."

उर्वी रडायला लागली, आणि रडता रडता इंग्रजीत गेली. रागावली की ती लहानपणापासून इंग्रजीत जायची. त्यातलं त्याला एवढं कळलं, की आयुष्यभर तुझंच चाललं, आयुष्यभर आईनं तुझ्यापुढे बशा ठेवल्या. मग मराठीत आली. "माझी दोन बाळं गेली, बाबा. तिसरं येतंय. आणि तुला पोहे हवेत?"

"हो," तो म्हणाला.

"तू पण येऊ नकोस. कधीच. बाळ बघायला पण नको."

"बरं."

स्क्रीन काळी झाली. एवढं मोठं खोटं, आणि पोरांना एका दमात पटलं. कुणीही उलटून विचारलं नाही की बाबा, खरं सांग. नरेंद्रला त्याचं वाईट वाटलं नाही. जन्मभराचा खडूसपणा आज एकदा कामाला आला होता. ते बाळ आता कुणाच्याही हातांनी न्हाईल, ऊब असलेल्या हातांनी.

त्याला हवा पाहिजे होती. मागचं दार उघडून तो अंगणात गेला. ऊन कलतीला लागलं होतं. सुचित्रा तिथं नव्हती. तेलाची वाटी नव्हती. खुळखुळ्या लादीपाशी वेटोळं घालून होता, अंगाला धूळ चिकटलेली. नरेंद्रचा पाय पडला आणि तो वाजायला लागला. जोरात, कडकडून. डोकं वर, शेपटी वर.

आणि नरेंद्रला आयुष्यात पहिल्यांदा तो आवाज गोड लागला. वाज, तो मनात म्हणाला. वाज बाबा. अजून आहे मी. दिसतोय ना तुला? तो मागे सरला नाही. तिथंच उभा राहून ऐकत राहिला, जणू दारात कुणी वाजंत्री आणलीत.

मागे दार लागल्याचा आवाज आला. पावलं ऐकू आली नाहीत. सुचित्रा त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"ऐकलं मी फोनवरचं," ती म्हणाली.

तो समोर बघत राहिला.

"रागावली असेल पोर."

"असेल."

"बरं केलंत," ती म्हणाली. अगदी हळू, दुसऱ्या खोलीत झोपलेलं कुणी उठू नये म्हणून बोलावं तशी. "मला 'नाही' म्हणवत नव्हतं तिला. तिच्या बाळाला माझे हात नकोतच लागायला."

नरेंद्रनं तेव्हा तिच्याकडे बघितलं. चेहरा तिचाच होता. डोळ्यांत पाणी होतं आणि ते गालावर येत नव्हतं.

"तुम्ही आहात ना पण," ती म्हणाली.

तिनं त्याचा हात हातात घेतला. लोकांसमोर राहू दे, घरातसुद्धा तिनं असा हात कधी धरला नव्हता. बोटांत बोटं घातली. हात गार नव्हता. कोमट नव्हता. नरेंद्रला तो सोडवता आला असता. त्यानं सोडवला नाही.

समोर आवाज बंद पडला.

खुळखुळ्याची शेपटी खाली आली. डोकं जमिनीला टेकलं. मग तो उलगडला आणि घाई न करता, समोर काहीच नसल्यासारखा, सरळ त्यांच्या दिशेनं यायला लागला. नरेंद्रच्या उघड्या पावलावर त्याचं वजन आलं, कोरडं, लांबच लांब, सरकत जाणारं. पलीकडे सुचित्राच्या पावलावर गेलं.

"वाज," नरेंद्र म्हणाला. मोठ्यानं म्हणाला. "अरे, वाज की!"